ट्रकच्या केबिनचा डिझेल हीटर: मशीन चांगलं, फिटिंग बघून घ्या

बेळगावात राहून हीटर कशाला, असं आमच्या काकती गावातले बरेच जण विचारतात. उद्यमबागेतल्या कारखान्यांचं कास्टिंग भरून जानेवारीत एकदा लुधियानाला जाऊन या म्हणावं. धुक्यात गाडी बाजूला घेऊन रात्र काढायची म्हटली की केबिनचा पत्रा बर्फाच्या लादीसारखा लागतो. इंजिन चालू ठेवून झोपायचं तर तासाला दोन-अडीच लिटर डिझेल जातं. काही ड्रायव्हर काचा लावून आत कोळशाची शेगडी पेटवतात, आणि तिच्यातल्या विषारी वायूनं त्यातले काही सकाळी उठतच नाहीत. घरी पोरंबाळं वाट बघत असतात हो त्यांची. शेगडी केबिनमध्ये नकोच, म्हणून मी हा हीटर घेतला.

माल चायनीज, 24 व्होल्टचा, 2 किलोवॅटचा. एबरस्पेशर आणि वेबास्टो या जर्मन कंपन्यांच्या हीटरची जी रचना, तीच याची. परदेशात बोटींच्या केबिनमध्येही असलेच हीटर बसवतात. छोटा पंप टक्-टक् करत थेंबाथेंबानं डिझेल पाठवतो, ग्लो प्लग म्हणजे विजेवर लाल होणारी कांडी ते पेटवते, जळायची हवा गाडीखालून येते आणि धूरही गाडीखालीच जातो. केबिनची हवा वेगळ्या वाटेनं फिरून गरम होते. कमीवर ठेवला तर तासाला साधारण 100 मिली डिझेल, फुलवर पाव लिटरच्या आत. ऊब कोरडी मिळते, काचेवर वाफ धरत नाही. या बाबतीत माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार आहे ती ज्यानं विकला आणि बसवून दिला त्याच्याबद्दल. दुसऱ्या थंडीत हीटर पेटेना. पंखा फिरायचा, पंपाचा आवाज यायचा, खालच्या पाइपातून पांढरा धूर निघायचा, आणि थोड्या वेळानं डिस्प्लेवर एरर दाखवून सगळं बंद. दुकानदारानं गाडी न बघताच फोनवर ग्लो प्लग गेला म्हणून सांगितलं. नवा प्लग पाठवला, पैसे घेतले. तो घातला तरी तेच. मग म्हणे पंप बदला, मग म्हणे बोर्ड गेला. असंच चाललं असतं तर नव्या हीटरएवढा खर्च सुटे भाग घेण्यातच झाला असता.

शेवटी बेळगावातल्या ऑटोनगरातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी लावली. पोरगा तिशीच्या आतला, बोलणं थोडं. त्यानं आधी काहीच उघडलं नाही. हीटर चालू करायला लावला आणि गाडीखाली वाकून धूर बघितला. "अण्णा, पांढरा धूर येतोय म्हणजे तेल येतंय की. पेटंना झालंय नुसतं." धूरच नसता तर पंप आणि पाइप बघायचा, धूर आहे तर ग्लो प्लगपर्यंत करंट पोचतो का ते बघायचं, असा त्याचा हिशोब. मग मीटर काढला. बॅटरीवर 25 व्होल्ट. तोच मीटर हीटरच्या सॉकेटला लावून परत चालू केला, तर प्लग तापायला लागल्याबरोबर काटा 21 च्या खाली. तेवढ्यावर हीटर आपणहून बंद पडणारच.

चोर सापडला तो सीटमागं. बसवणाऱ्यानं वायर पुरेना म्हणून बारीक तुकडा पिळून जोडला होता आणि वर नुसती टेप. टेप सोलली तर आतलं तांबं काळं-हिरवं पडलेलं, आणि शेजारच्या फ्यूज होल्डरचं प्लास्टिक तापून तपकिरी होऊन वाकलेलं. एकदा पेटल्यावर हीटर थोडकाच करंट खातो. सगळा ताण पेटतानाच येतो, म्हणून पहिल्या वर्षी जे खपून गेलं ते जोड गंजल्यावर खपेना. पोरानं थेट बॅटरीपासून चार एमएमची अखंड वायर ओढली, वायरच्या टोकाला थिंबल (धातूची टोपी) दाबून बसवली, नवा फ्यूज बॅटरीजवळ घातला. चालू केल्यावर धूर जरा आला, विरला, आणि आतून धग लागलेला तो भरीव आवाज ऐकू आला. मला फार बरं वाटलं.

एवढ्यावर तो थांबला नाही. पंप आडवा बांधलेला होता, तो डिझेल बाहेर पडायचं तोंड वर येईल असा तिरका केला, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. ग्लो प्लगभोवतीची बारीक जाळी काजळीनं भरली होती, ती साफ केली. रात्रभर एकदम कमीवर चालवला की काजळी धरतेच. म्हणून बंद करायच्या आधी थोडा वेळ फुलवर चालवा, असं त्यानं सांगितलं. आणि चालू हीटरवर बॅटरीचा कट-ऑफ, म्हणजे मेन स्विच, कधीच मारायचा नाही. बटणानं बंद करा, पंखा आतली धग काढून आपणच थांबतो. आपल्याकडं गाडी उभी केली की कट-ऑफ मारायची सवय असते, तेव्हा क्लीनरलाही हे सांगून ठेवा. धुराच्या पाइपाचे क्लिप त्यानं एकेक हलवून बघितले, कारण तिथून गळती झाली तर शेगडीचाच धोका हीटरमधून केबिनमध्ये येतो.

मजुरी आणि सामान मिळून त्या फुकट गेलेल्या ग्लो प्लगपेक्षा कमीच बिल झालं. बाकी गाड्यांची रांग असूनही हातातलं काम त्यानं अर्धवट टाकलं नाही. कानडी-मराठी दोन्हीत समजावून सांगतो.

हीटरला पाचपैकी चार. एक कमी केला, कारण पाकिटातला धुराचा पाइप पातळ आहे आणि क्लिप हलक्या. ट्रकला 24 व्होल्टचाच घ्या. 12 चा घेऊन दोनपैकी एकाच बॅटरीवर जोडला तर ती बॅटरी लवकर मरते. घेताना कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे शेगडीतल्या त्याच विषारी वायूचा, अलार्मही घ्या आणि झोपायच्या जागेजवळ लावा. आमच्या दुसऱ्या गाडीलाही दिवाळीनंतर हाच हीटर बसवतोय, फिटिंग मात्र ऑटोनगरात.