व्हॉल्व्ह चालवणारी यूएलएन चिप काढून टीबीडी बसवली, त्याला नऊ महिने झाले

नागपुरात नर्सरी चालवायची तर मे महिन्यात पाण्याची एक पाळीही चुकवून भागत नाही. मागच्या वर्षी माझी चुकत होती, तीही नेमकी दुपारी. सकाळी चारही सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेच्या कॉइलने उघडणाऱ्या पाण्याच्या झडपा) ‘टक्’ करून उघडायचे, दोन वाजता एखादा गप्प. हिरव्या जाळीखाली जास्वंदीची कोवळी रोपं माना टाकायची, पाहवत नसे. दोन व्हॉल्व्ह नवे आणले, तरी तेच.

खोट ड्रायव्हर आयसीची होती, म्हणजे कॉइलचा करंट चालू-बंद करणाऱ्या चिपची. बोर्डावर यूएलएन २००३. तिच्यात डार्लिंग्टन जोड्या, म्हणजे एकापुढे एक जोडलेले दोन-दोन ट्रान्झिस्टर असतात. ३०० मिलिअँपिअरला सव्वा व्होल्ट तिथेच खर्च. मल्टिमीटर लावला: बॅटरीवर १२.१, कॉइलवर १०.९. चार व्हॉल्व्ह एकदम चालू असले की एवढ्याशा आयसीत दीड वॅट उष्णता, आणि पत्र्याच्या डब्याबाहेर नवतपा, मे अखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस. त्यात कॉइलच्या तांब्याचा रोध दर अंशाला जवळपास ०.४ टक्के वाढतो. तापलेल्या कॉइलला उरलेल्या व्होल्टेजवर प्लंजर (व्हॉल्व्ह उघडणारा आतला लोखंडी दांडा) उचलवत नव्हता.

मार्चमध्ये तोशिबाची टीबीडी ६२००३ मागवली. बर्डीच्या बाजारात मिळाली नाही, ऑनलाइन घ्यावी लागली. पिना त्याच, सॉकेटमधली जुनी काढली, नवी दाबली. हिच्यात डार्लिंग्टनऐवजी मॉसफेट जातीचे ट्रान्झिस्टर आहेत, चालू असताना रोध साधारण १.२ ओहम. आता ०.४ व्होल्टच पडतात, आयसीची उष्णता एक तृतीयांशावर आली. पूर्वी बोट टेकवताच चटका बसायचा, आता खुशाल ठेवून वीस आकडे मोजतो.

कॉइल मात्र तापतच होती. व्हॉल्व्ह उघडायला पूर्ण जोर लागतो, उघडा धरायला नाही. म्हणून पहिला अर्धा सेकंद पूर्ण व्होल्टेज, पुढे २० किलोहर्ट्झवर ५० टक्के पीडब्ल्यूएम, म्हणजे सेकंदाला वीस हजार वेळा चालू-बंद, त्यात निम्मा वेळ चालू. करंट निम्मा झाला की उष्णता पाव होते. चार व्हॉल्व्ह मिळून चौदा वॅट खायचे, आता चारच्या आसपास. सोलरची बॅटरी संध्याकाळीही दमदार असते, याचा मला सर्वांत जास्त आनंद आहे.

एक सांगतो, पीडब्ल्यूएम लावल्यावर आयसी पुन्हा कोमट लागू लागली, कारण बंद क्षणांतला करंट तिच्याच आतल्या डायोडमधून फिरत होता. प्रत्येक आउटपुट आणि १२ व्होल्टच्या मध्ये १एन५८१९ हा शॉट्की डायोड (कमी व्होल्ट खाणारा) लावला, तेव्हा थांबलं.

यंदाच्या नवतप्यात एकही पाळी चुकली नाही. फक्त टोकाचा चौथा व्हॉल्व्ह पंप सुरू होताना ५० टक्क्यांवर मिटायचा. तो ६५ वर ठेवलाय. त्याची कॉइल अजून बाकीच्यांपेक्षा गरम लागते.