अश्वगंधा कॅप्सूल, सात-आठ महिन्यांनंतर: लेबलवरचे ५ टक्के कुठे गेले?

आधी पाच तारे दिले होते, आज दोनवर आणते आहे. माल बिघडलाय असं छातीठोकपणे सांगता येत नाही, पण बाटलीत नेमकं काय भरलंय हे आता कळायलाच मार्ग नाही, आणि माझ्या लेखी तेवढं पुरेसं आहे.

जुन्या बाटलीवर स्वच्छ छापलेलं होतं: अश्वगंधा मुळांचा अर्क ३०० मिग्रॅ, विथॅनोलाइड्स ५ टक्के, एचपीएलसी पद्धतीने तपासलेले. नव्या बाटलीवर एवढंच: अश्वगंधा अर्क ५०० मिग्रॅ. 'मुळांचा' गेला, ५ टक्के गेले, तपासणीची पद्धत गेली (एचपीएलसी म्हणजे अर्कातले घटक एकेक वेगळे करून मोजायची प्रयोगशाळेतली पद्धत). झाकण तेच, हिरवा रंग तोच, वर 'आता अधिक शक्तिशाली' असा सोनेरी पट्टा आणि किंमत ५४९ वरून ६४९.

विथॅनोलाइड्स म्हणजे अश्वगंधेतली मुख्य संयुगं. ज्या प्रयोगांचे दाखले देऊन या कॅप्सूल विकल्या जातात, त्यातल्या बहुतेकांत ठरावीक टक्क्यांचा प्रमाणित अर्क दिलेला असतो. टक्के न सांगता नुसतं वजन सांगणं म्हणजे सोन्याच्या पावतीवर कॅरेट न लिहिता फक्त ग्रॅम लिहिण्यासारखं आहे. मी हिशेबाचं काम करते, त्यामुळे आकडा गाळलेला मला लगेच दिसतो. जुन्या बाटलीचा हिशेब सरळ होता: एका कॅप्सूलमध्ये १५ मिग्रॅ विथॅनोलाइड्स, ६० कॅप्सूलमध्ये ९००, म्हणजे मिलिग्रॅमला ६१ पैसे. नव्या बाटलीचा हिशेब मांडताच येत नाही, कारण मांडायला आकडाच दिलेला नाही.

आता मूळ अनुभव. रिटर्न भरण्याच्या हंगामात रात्री दोन-अडीचला जाग यायची आणि मग डोक्यात कोणाचं चलन राहिलं, कोणाची नोटीस आली हेच फिरत राहायचं. आधी डॉक्टरांकडे गेले. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन सगळं बघून झालं, त्यात काही निघालं नाही, मग त्यांना विचारूनच हे सुरू केलं. सकाळी एक, रात्री जेवणानंतर एक.

पहिले दोन-तीन आठवडे काहीही जाणवलं नाही. 'पहिल्याच दिवशी मन शांत झालं' असं जे लोक लिहितात, तसं माझ्याकडे काही झालं नाही. हैदराबादमध्ये झालेला आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग बहुतेक जाहिरातींत असतो, तोही ६० दिवसांचा होता. ६४ माणसं, निम्म्यांना ३०० मिग्रॅ मुळांचा अर्क दिवसातून दोनदा, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी कॅप्सूल. अर्क घेणाऱ्यांचा ताणाच्या प्रश्नावलीतला गुणांक ४४ टक्क्यांनी उतरला, रिकामी घेणाऱ्यांचा ५.५ टक्क्यांनी. रक्तातलं कॉर्टिसोल एका गटात २७.९ टक्क्यांनी घटलं, दुसऱ्यात ७.९ टक्क्यांनी. आकडे देखणे आहेत, पण माणसं ६४ आणि मुदत दोन महिने, हेही तितकंच ठळक छापायला हवं. शिवाय 'आपण काहीतरी घेतोय' एवढ्यानेच माणसाला बरं वाटायला लागतं, आणि तो भाग ५.५ टक्क्यांहून मोठा निघाला असता तरी मला नवल वाटलं नसतं. म्हणून ४४ हा आकडा मी जपूनच धरते.

ती प्रश्नावली मी स्वतःसाठीही वापरली. दहाच प्रश्न असतात, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ४० पैकी. गेल्या महिन्यात किती वेळा वाटलं की गोष्टी हाताबाहेर चालल्यात, अशा धर्तीचे. डायरीच्या मागच्या पानावर दर महिन्याला भरत गेले. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी गुणांक उतरायला लागला आणि त्याहून आधी झोप सुधारली. जाग यायची, पण परत डोळा लागायचा. कामाचा ढीग तेवढाच होता, घरातले तेच, ऑफिसातले तेच. अजूनही मी म्हणेन की या औषधाने मला दिलं ते झोपेच्या बाबतीत, आणि दिवसभराची चिडचिड कमी झाली ती झोप झाल्यामुळे.

एक खर्च वाचवा: 'कॉर्टिसोल टेस्ट'चं पॅकेज. हे संप्रेरक पहाटे-सकाळी चढतं आणि रात्रीपर्यंत उतरत जातं, त्यामुळे आठचा आकडा आणि अकराचा आकडा एकमेकांशी लावून काही कळत नाही. मेंदूतलं हायपोथॅलॅमस, त्याखालची पिट्युटरी आणि मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथी या साखळीवर अश्वगंधा काम करत असावी असं संशोधक मानतात. जीएबीए या मेंदू शांत करणाऱ्या यंत्रणेवरही तिचा परिणाम प्रयोगशाळेत दिसलाय. पण तुमच्या-माझ्या एका रक्ततपासणीत ते पकडता येत नाही. डायरी फुकट आहे.

एकाग्रतेसाठी म्हणून घेणार असाल तर थोडं थांबा. माझी एकाग्रता वाढली ती झोप झालेल्या माणसाची वाढते तेवढीच. स्मरण आणि शिकणं यासाठी अभ्यास जास्त झालाय तो ब्राह्मीचा. ऑस्ट्रेलियातल्या २००१ सालच्या एका प्रयोगात निरोगी माणसांना रोज ३०० मिग्रॅ अर्क दिला, तेव्हा फरक ठळक दिसला तो १२ आठवड्यांनी. मध्ये काही आठवडे मी तीही घेतली. रिकाम्या पोटी घेतली की मळमळ व्हायची, जेवणात तुपाबरोबर घेतली की नाही. हा त्रास बऱ्याच जणांना होतो. तिथेही लेबल वाचाच: ब्राह्मी म्हणून बाकोपा मोनिएरी विकतात आणि सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णीही विकतात. दोन्ही वेगळ्या वनस्पती, संयुगं वेगळी, प्रयोग वेगळे. लॅटिन नाव नसेल तर ती बाटली परत ठेवा.

चहाबद्दल आनंदाने लिहिते. चहाच्या पानात थिॲनिन असतं, जपानमध्ये १९४९ साली ते ओळखलं गेलं, आणि कॅफिनबरोबर दिलं तर लक्ष टिकायला मदत होते असे बरे प्रयोग आहेत. त्यात ते १०० मिग्रॅच्या घरात देतात. कपात त्याच्या चौथ्या भागाइतकं मिळतं. तेव्हा आपला दुपारचा चहा औषध नाही, पण चारच्या सुमाराला ताळेबंद जुळवताना त्याची जागा दुसरं काही घेऊ शकलेलं नाही.

परत बाटलीकडे. ग्राहक सेवेला फोन लावला.

"मॅडम, नवीन फॉर्म्युला आहे. जास्त स्ट्राँग."

"दादा, स्ट्राँग म्हणजे किती टक्के?"

"पाचशे मिलिग्रॅम, मॅडम."

"ते वजन झालं. विथॅनोलाइड्स किती टक्के आहेत? आणि मुळांचाच अर्क आहे ना?"

"मॅडम, हंड्रेड पर्सेंट नॅचरल आहे."

तीन वेळा तेच. तो मुलगा बिचारा समोरचा कागद वाचत होता, राग त्याच्यावर नाही. ज्यांनी तो कागद लिहून दिला त्यांच्यावर आहे.

'मुळांचा' हा शब्द मी का धरून बसलेय तेही सांगते. पानं स्वस्त पडतात, दर हंगामाला तोडता येतात. मुळासाठी अख्खं झाड उपटावं लागतं. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौर पट्ट्यात याची शेती होते आणि नीमचच्या मंडीत मुळांचा भाव जाडी-लांबीवर ठरतो. पानांत विथाफेरिन ए नावाचं संयुग मुळांपेक्षा बरंच जास्त असतं आणि ते पेशींना मारक आहे, म्हणूनच कर्करोगाचे संशोधक त्याच्या मागे असतात. पानात गुण नाहीत असं मी म्हणत नाही. जपानच्या त्सुकुबा विद्यापीठात २०१७ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगात पानांमधल्या ट्रायएथिलीन ग्लायकॉलने झोप आली. पण आपल्याकडे पोटात घ्यायचा जो जुना अनुभव आहे तो प्रामुख्याने मुळांचा, औषधकोशात आहे ते मूळ, आणि आयुष मंत्रालयाने २०२१ साली उत्पादकांना पानं वापरू नका असं कळवलं होतं. मग नव्या लेबलवरून नेमका हाच शब्द का निघाला, हे विचारायचा मला पूर्ण हक्क आहे.

इथपर्यंत गेल्या आठवड्यात लिहून ठेवलं होतं. परवा कंपनीचा मेल आला, सोबत बॅचचा तपासणी अहवाल. मुळांचाच अर्क आहे असं त्यात आहे, त्यामुळे पानांची शंका मी तूर्त मागे घेते. पण विथॅनोलाइड्स २.५ टक्के, आणि पद्धत ग्रॅव्हिमेट्री. म्हणजे अर्कातला भाग वेगळा काढून वजन केलं. त्यात विथॅनोलाइड्सबरोबर इतरही द्रव्यं मोजली जातात, म्हणून या पद्धतीचा आकडा एचपीएलसीपेक्षा फुगलेला येतो. तो खरा धरला तरी ५०० चे २.५ टक्के म्हणजे साडेबारा. पूर्वी १५ मिळत होते. वजन वाढलं, किंमत वाढली, काम करणारा भाग घटला, आणि पट्ट्यावर 'अधिक शक्तिशाली'. मिलिग्रॅमला साडेशहाऐंशी पैसे पडले, तेही फुगलेला आकडा धरून. एक तारा देणार होते. अहवाल मागितल्यावर दिला, म्हणून दोन.

सध्या मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून अख्खी मुळं आणते. बोटभर लांबीची, बाहेरून पिवळट-करडी, मोडली की आत पांढरीफटक आणि पिठूळ. वास उग्र, घोड्याच्या तबेल्याची आठवण यावी असा, आणि कुटताना तो स्वयंपाकघरभर होतो. चूर्णाची नेहमीची मात्रा ३ ते ६ ग्रॅम. साध्या मुळात विथॅनोलाइड्स अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतात, जातीवर आणि जमिनीवर ठरतं. म्हणजे टक्केवारी इथेही मला माहीत नाही, पण कोणी माहीत असल्याचा आवही आणत नाही, आणि दिवसाला सहा-सात रुपयांत भागतं. रात्री दुधात उकळून घेते. कॅप्सूल सोपी होती, हे मान्य. प्रवासात चूर्णाचं काही खरं नाही.

त्याच दुकानात जटामांसी पुढे केली होती, ती घेतली नाही. हिमालयात तीन हजार मीटरच्या वरती उगवणारी ही वनस्पती मुळांसाठी उपटून उपटून अस्तंगत व्हायला आली आहे. माझ्या झोपेसाठी ती नको.

कोणी घेऊ नये, हे बाटलीवर बारीक अक्षरात असतं, इथे मोठ्याने लिहिते. गरोदरपणात नको. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या चालू असतील, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर डॉक्टरांशिवाय नको. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी तर नाहीच: अश्वगंधेने थायरॉइड संप्रेरकं वाढल्याचं दिसलंय. माझ्या जाऊबाई माझं बघून सुरू करणार होत्या, त्यांना मी हात धरून थांबवलं. यकृताचंही आहे. २०२० साली आइसलँड आणि अमेरिकेतले ५ रुग्ण नोंदले गेले, सुरू केल्यापासून २ ते १२ आठवड्यांत कावीळ, अंगाला खाज. औषध थांबवल्यावर काही महिन्यांत सगळे बरे झाले. असं क्वचित होतं, तरी मी मधे एसजीपीटी-एसजीओटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, करून घेतली आणि ती नॉर्मल आली. डेन्मार्कने तर २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदीच घातली. मला बंदी जास्त वाटते, पण खाज सुटली किंवा लघवी गडद झाली तर त्याच दिवशी बंद करायचं, यात तडजोड नाही.

आणि घरात कोणाला फिट्सचा त्रास असेल, फेनिटॉइन हे झटके रोखणारं औषध चालू असेल, तर शंखपुष्पीचं सिरप 'मुलांना देतात, काय होतंय' म्हणून देऊ नका. शंखपुष्पीच्या तयार औषधामुळे रक्तातलं फेनिटॉइन उतरतं आणि बंद असलेले झटके परत येऊ शकतात, हे मुंबईच्याच संशोधकांनी १९९२ साली मांडलं होतं.

न उघडलेली दुसरी बाटली परत पाठवली आहे. ६४९ रुपये अजून जमा व्हायचेत. झाले की इथेच लिहीन, आणि लेबलवर 'मूळ', टक्के आणि एचपीएलसी परत आले तर तारेही वाढवीन.