बँडची थरथर गेली म्हणून लिहायला बसलो (आठ महिन्यांच्या वापरानंतर)

गेल्या ऑगस्टमध्ये, गणपतीआधीच्या सेलमध्ये १,७९९ रुपयांना घेतलेला फिटनेस बँड मार्चअखेरीस अर्धा मेला. अर्धा म्हणजे वेळ दाखवतो, पावलं मोजतो, मेसेजही दाखवतो. फक्त थरथरत नाही. त्यात काय एवढं, असं वाटेल. पण मी पैसे थरथरीचेच दिले होते, हे मला ती गेल्यावर कळलं.

डिस्प्ले, बॅटरी वगैरे सगळीकडे वाचायला मिळतं, ते इथे उगाळत नाही. बॅटरी चौदा दिवस सांगतात, मला नऊ मिळतात, तक्रार नाही. रक्तातला ऑक्सिजन दोनदा पाहिला, दोन्ही वेळा ९८ आला, तिसऱ्यांदा बघायचं कारण सापडलं नाही. झोपेची मोजणी मात्र विनोदी आहे. रविवारी दुपारी सोफ्यावर आडवा होऊन मॅच बघत होतो, त्याची दीड तास झोप म्हणून नोंद झाली. बायको म्हणाली, बरोबरच आहे ते.

घेतला कशासाठी, तर जुलैमधल्या तपासणीत एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेचा आकडा, ६.२ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. मी म्हटलं, वेळ कुठाय? डोंबिवलीहून सव्वाआठची लोकल, परत घरात पाऊल टाकेपर्यंत पावणेआठ. डॉक्टरांनी ‘सगळे हेच म्हणतात’ अशा नजरेनं पाहिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

आता मुद्द्याचं. माझा गजर आधी फोनवर असायचा, साडेपाचचा. गजर बंद करायला फोन हातात घ्यायचा, आणि एकदा घेतला की तो खाली ठेवला जायचा नाही. सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरवरून रात्री झालेलं भांडण, मग बातम्या, मग कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ. आठवडाभर घड्याळ लावून पाहिलं: रोज पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटं. म्हणजे वेळ होता, मी तो अंथरुणात पडल्या पडल्या खात होतो.

बँड आल्यावर फोन रात्री स्वयंपाकघरात, ओट्यापाशी चार्जिंगला. सव्वापाचला मनगट गुरगुरतं, बटण दाबायचं, संपलं. त्या इवल्याशा पडद्यावर पुढे बघण्यासारखं काही नसतंच, हाच त्याचा मोठेपणा. शिवाय घर वन बीएचके. लेक दहावीला, रात्री बारापर्यंत अभ्यास करून झोपलेली, हॉलमध्ये आई. आवाज न होता फक्त मला उठवणारी वस्तू या घरात पहिल्यांदाच आली. साडेपाचला मी खाली, सव्वासहाला चालून परत.

सप्टेंबरात मी मित्रांना सांगत सुटलो होतो की डोळे झाकून घ्या. ऑक्टोबरात मत फिरलं. कारण पावलं. गणपतीत आरतीला टाळ्या वाजवल्या तर पाचशेच्या वर पावलं पडली. उलट बाजारातून दोन्ही हातांत जड पिशव्या घेऊन आलो तर निम्मीच, कारण हात हलले नाहीत. मनगटाचा झोका मोजणारं यंत्र ते, पायांचा आणि त्याचा संबंध ऐकीवच. आणि दर तासाला ‘हालचाल करा’. हा संदेश एकदा सकाळच्या लोकलमध्ये, दिवा ते ठाणे यांच्या मधे आला. कोपर हलवायला जागा नव्हती. ती सूचना त्याच दिवशी कायमची बंद केली.

रोजचं लक्ष्य कंपनीनं १०,००० ठेवलेलं. मी दोन महिने त्याच्यामागे लागून रात्री दहाला जिन्यात खालीवर करत होतो, शेजाऱ्यांना वाटलं घरात भांडण झालंय. मग वाचलं, तेव्हा कळलं की हा आकडा कुठल्या दवाखान्यातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकच्या पाठोपाठ, १९६५ मध्ये, जपानमधल्या एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र काढलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘मान्पो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. विक्रीचं नाव, ते जगभर नियम होऊन बसलं. २०१९ मध्ये अमेरिकेत वयस्क बायकांचा अभ्यास झाला, त्यात तर साधारण ७,५०० पावलांच्या पुढे मृत्यूचं प्रमाण आणखी घटताना दिसलं नाही. मी पन्नाशीचा पुरुष, मला ते जसंच्या तसं लागू नाही, कबूल. पण जिना सोडला.

त्याहून कामाचं होतं जागतिक आरोग्य संघटनेचं: आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम. आधी त्यात सलग दहा मिनिटं तरी हवीत अशी अट होती, २०२० मध्ये ती काढली. आता कितीही छोटा तुकडा चालतो. माझ्यासारख्याचा वेळ तुकड्यांतच असतो. घर ते स्टेशन अकरा मिनिटं, रिक्षा बंद केली. जेवल्यावर ऑफिसखाली आठ मिनिटं. रिक्षाचे पैसे वाचले ते मी वेगळे मोजतोय, बँडची किंमत डिसेंबरातच वसूल झाली.

डिसेंबरातच पुन्हा तपासणी केली: ५.९. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे या तपासणीत मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी येते. चार दिवस साखर सोडून तिला फसवता येत नाही. आता श्रेय सकाळचं, की रात्रीचं जेवण साडेनऊवरून साडेआठला आणल्याचं, हे बँड सांगत नाही. बायको सांगते.

मग मार्चमध्ये थरथर गेली. दोन दिवस झोपून राहिलो, तिसऱ्या दिवशी शोध लागला. वर्षाची वॉरंटी, बिल जपून ठेवलेलं, म्हणून शनिवारी ठाण्याच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. टोकन घेऊन पाऊण तास. काउंटरवरच्या मुलानं बँड उलटा करून भिंगातून पाहिला.

“सर, आत ओल आहे. वॉरंटी नाही बसणार.”

“अहो, खोक्यावर ५ एटीएम लिहिलंय. म्हणजे पन्नास मीटर खोल पाण्याचा दाब!”

“गार पाण्याला, सर. तुम्ही अंघोळीला काढत नव्हता ना? गरम पाणी?”

काढत नव्हतो. अख्खा हिवाळा गिझरचं कडकडीत पाणी. त्यानं माहितीपत्रक उघडून दाखवलं; मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात गरम पाणी, वाफ, सॉना, सगळं वगळलेलं. गरम पाण्यानं आतलं सील ढिलं पडतं, हे त्याचं म्हणणं बरोबर असेलही. मग ‘पन्नास मीटर’ एवढं ठळक आणि ‘अंघोळ नको’ एवढं बारीक का? डोंबिवलीत पन्नास मीटर खोल पाण्यात कोण जातं? अंघोळ सगळे करतात. यावर तो म्हणाला, नवीन घेतलात तर चारशे रुपये सूट. दुरुस्ती? दुरुस्ती होत नाही. मी बँड उचलून घरी आलो.

त्या रात्री मनातलं सगळं आईसमोर बोललो, की आता उठणार कसा, फोनचा गजर लावला तर सगळ्यांची झोपमोड. आई म्हणाली, “मी साडेचारालाच जागी असते रे. तुमची झोप मोडू नये म्हणून पडून राहते.”

आठ महिने मी तिच्या खाटेजवळून चोरपावलांनी चपला हातात घेऊन बाहेर पडत होतो.

तेव्हापासून सव्वापाचला आई येते आणि माझ्या पायाचा अंगठा ओढते. चार्जिंग नाही, सूट नाही, बारीक अक्षरं नाहीत. बटण दाबून पाच मिनिटं पुढे ढकलायची सोयही नाही.

तर साडेतीन तारे. एक तारा अंघोळीचा कापला, अर्धा पट्ट्याच्या बकलाचा, ते सहाव्या महिन्यातच सैल झालं. बकलाचा अर्धा सोडून देणार होतो, पण टोकनचा पाऊण तास आठवला.

आई पुढच्या आठवड्यात ताईकडे सांगलीला चाललीय, पंधरा दिवस. चारशेची सूट तीस तारखेपर्यंत आहे.