ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं: बाजारातल्या डिस्कचा पावसाळाभराचा अनुभव

पुढच्या चाकांच्या दोन ब्रेक डिस्क आणि त्यांना आवळणाऱ्या पॅडचा संच. कंपनीचा नाही, आफ्टरमार्केट. मधल्या टोपीला आणि कडांना राखाडी कोटिंग आहे. कंपनीच्या मालापेक्षा बराच स्वस्त, घेण्याचं कारण तेवढंच. मे महिन्यात बसवला तेव्हा पाच तारे द्यायच्या बेतात होतो. भर पावसात ते दोनवर आले. आज साडेचार देतोय, आणि या चढउताराशी डिस्कचा संबंध फार थोडा आहे.

आधी एक गोष्ट. ब्रेक न दाबताच ऐंशी-नव्वदवर गाडी थरथरत असेल तर हा रिव्ह्यू सोडा, व्हील बॅलन्सिंग करून घ्या. फक्त ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग हलतं तेव्हा बहुधा पुढच्या डिस्क. स्टिअरिंग शांत, पण सीट आणि पेडल धडधडतं तेव्हा मागचे ब्रेक ड्रम. मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या वेगात हँडब्रेकचं बटण दाबून धरून लिव्हर हलकेच ओढा. तीच धडधड आली तर ड्रम गोल राहिलेला नाही.

डिस्क बदलल्यावर थरथर गेली. काही हजार किलोमीटरनंतर गोव्यातल्या पर्वरीचा उतार उतरताना हजर! सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं: ‘लोकल डिस्क आहे, वाकली. ओरिजिनल घाला.’ खरं तर वाकायला ती काही पत्रा नव्हे. डिस्क हबवर (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या फिरत्या भागावर) किंचित तिरकी बसली की दर फेऱ्याला तिचा एक भाग पॅडला घासून जातो, ब्रेक न दाबताही. तो भाग हळूहळू झिजतो. जाडीत ०.०१५ मिमीच्या आसपास फरक पडला की स्टिअरिंगला कळतं. म्हणून नवी डिस्क सुरुवातीला छान चालते आणि मग बिघडते. त्या तिरक्या हबवर ओरिजिनल डिस्क घातली तरी तिचंही हेच होणार, फक्त बिल मोठं.

तिरकी का बसते? गंज. आपल्याकडे खारा वारा, त्यात चार महिने पाऊस. मिरामार-कोलव्याच्या बाजूला गाडी उघड्यावर राहत असेल तर विचारूच नका. १४० मिमी व्यासाच्या हबच्या एका कडेला ०.०५ मिमीची खपली राहिली तर २५० मिमीच्या डिस्कच्या कडेला ती जवळपास ०.०९ होते. डिस्कच्या अशा डोलण्याची बऱ्याच गाड्यांची मर्यादा ०.०५ ते ०.१० मिमी आहे. म्हणजे एवढ्याशा खपलीने नव्या डिस्कची वाट लागते. गॅरेजमध्ये जुनी डिस्क हातोडीने पाडतात, हबवर फडकं मारतात आणि नवी चढवतात. संचाच्या खोक्यातही हब साफ करण्याबद्दल एक ओळ नाही. अर्धा तारा कापलाय तो याचाच.

करायचं ते असं. गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. आधी चाक वरखाली हलवून बेअरिंगचा खेळ बघा. खेळ असेल तर पुढची मापं खोटी. कॅलिपर (पॅड धरणारा भाग) काढला की तारेने टांगा, होजवर (ब्रेक ऑइलच्या नळीवर) लोंबकळू देऊ नका. डिस्क अडली असेल तर तिच्यात दोन आटे पाडलेली भोकं असतात, बहुतेक गाड्यांत एम-८ (८ मिमी) बोल्टची; त्यांत बोल्ट आळीपाळीने पिळले की डिस्क सुटते, हातोडी लागत नाही. मग हबचा चेहरा वायर ब्रशने आणि ८० नंबरच्या एमरी पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. गंज लपतो तो स्टडच्या (चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या खुंट्यांच्या) मुळाशी. तिथे ब्रश पोचत नाही, एमरीच्या तुकड्याला भोक पाडून तो स्टडमध्ये घाला आणि फिरवा. जुनीच डिस्क परत घालायची असेल तर टोपीची आतली बाजूही घासा. शेवटी ब्रेक क्लीनर.

आता डायल गेज, म्हणजे डिस्क किती डोलते ते काट्यावर दाखवणारं मापक. मॅग्नेटिक स्टँडसकट दीड-दोन हजारांत मिळतो आणि या सगळ्या खर्चातला हाच खरा वसूल खर्च. डिस्क सगळ्या नटांनी, खाली सपाट वॉशर घालून, सारखी आवळा. गेजचं टोक कडेपासून १० मिमी आत टेकवा, डिस्क हाताने एक फेरा फिरवा. काटा मर्यादेबाहेर गेला तर डिस्क काढून एक स्टड पुढे बसवा, पुन्हा मोजा. चार स्टड म्हणजे चार शक्यता. सगळ्यात कमी माप येईल ती जागा खडूने खूण करून ठेवा. माझ्या हबवर घासण्याआधी ०.१२ होतं, घासून आणि एक स्टड सरकवून ०.०३. असमान झिजलेली डिस्क लेथवर (कातकामाच्या यंत्रावर) हलकी मारून घेतली. किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते, त्याखाली जाऊ नका. हब न घासता नुसती लेथवर मारली असती तर थरथर पुन्हा आलीच असती.

चाकाचे नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने), फुलीच्या क्रमाने. छोट्या गाड्यांना १०० न्यूटन मीटरच्या आसपास, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. पंक्चरवाल्याने गनने ठोकले तर घरी येऊन सैल करून पुन्हा आवळा, कितीही वैताग आला तरी. नवे पॅड बसवल्यावर साठवरून वीसपर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक, पूर्ण न थांबता, मग थोडं नुसतं चालवून थंड करा. चोर्ला घाट उतरताना दुसरा गिअर ठेवा आणि पायथ्याच्या केरीला थांबलात तर तापलेला ब्रेक दाबून धरू नका. पॅडचा माल त्याच जागी डिस्कला चिकटतो आणि तशीच थरथर येते.

चवथीनंतरचं अपडेट: थरथर नाही. कोटिंगने टोपी आणि कडा स्वच्छ ठेवल्यात, या हवेत ही मोठी गोष्ट. पावसाच्या रात्रीनंतर सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखर येते, ती डिस्कच्या उघड्या पृष्ठभागावरच्या गंजाची; दुर्लक्ष करा. पॅड मात्र काळी पूड फार सोडतात आणि सोबत शिम (पॅडच्या पाठीला लावायच्या पातळ पट्ट्या) येत नाहीत. जुन्या शिम टाकून देऊ नका, धुऊन त्याच घाला.