राखीव रेग्युलेटर: ऑक्टोपस, इन्फ्लेटर, लांब नळी की पोनी?

खंभातचे आखात बडोद्यापासून फार लांब नाही, पण ते पाणी गाळाचे आणि प्रचंड भरती-ओहोटीचे असल्यामुळे इथल्या स्कूबा डायव्हरला, म्हणजे हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली उतरणाऱ्याला, मालवण, गोवा, कर्नाटकातले नेत्राणी बेट किंवा अंदमान गाठावे लागते. सिलिंडर आणि बहुधा बीसीडीही (हवा भरून तरंगण्याचे जाकीट) तिथेच भाड्याने मिळतो. सोबत नेण्याजोगा असतो तो स्वतःचा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासाजोगी करून तोंडापर्यंत पोचवणारे उपकरण. त्यावर राखीव व्यवस्था कोणती बसवावी, हे ठरवताना ती नेमक्या कोणत्या संकटासाठी हवी आहे याचा विचार आधी करावा. बडीची, म्हणजे जोडीने उतरलेल्या डायव्हरची, हवा संपणे हे एक संकट, आणि आपलीच हवा तुटणे हे दुसरे. एका संकटाची तजवीज दुसऱ्याला पुरतेच असे नाही.

ऑक्टोपस, म्हणजे रेग्युलेटरच्या त्याच फर्स्ट स्टेजवर (सिलिंडरवर बसणाऱ्या भागावर) साधारण एक मीटरच्या पिवळ्या नळीने जोडलेली दुसरी सेकंड स्टेज (तोंडात धरायचा भाग), हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांच्या परिचयाचा पर्याय आहे. अनोळखी बडीसुद्धा तो न सांगता ओळखतो, हा त्याचा मोठा गुण. मात्र तो नुसता लोंबकळत सोडला तर वाळू खातो आणि ऐन वेळी हाताला लागत नाही, म्हणून हनुवटी आणि बरगड्या यांच्यामधल्या भागात, ओढताच सुटेल अशा क्लिपमध्ये तो अडकवावा.

इन्फ्लेटरमध्येच, म्हणजे बीसीडीत हवा भरण्या-सोडण्याच्या नळीवरच्या यंत्रातच, सेकंड स्टेज बसवलेली असली की एक नळी वाचते आणि मांडणी सुटसुटीत दिसते. पण बडीला तोंडातला मुख्य रेग्युलेटर देऊन आपण आखूड इन्फ्लेटरमधून श्वास घ्यायचा आणि वर येताना त्याच इन्फ्लेटरने बीसीडीतली हवा सोडत राहायची, ही दुहेरी कसरत सरावाशिवाय जमत नाही. शिवाय या जातीच्या इन्फ्लेटरचा जोड नेहमीच्या जोडापेक्षा बहुधा मोठा असतो, त्यामुळे तो भाड्याच्या बीसीडीवर बसेलच असे नाही. स्वतःचा बीसीडी नसलेल्या बडोदेकराने हा पर्याय सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

लांब नळीची पद्धत फ्लोरिडातल्या गुहांमध्ये डुबकी मारणाऱ्यांनी रुळवली. मुख्य सेकंड स्टेज सुमारे 2.1 मीटरच्या नळीवर असते आणि राखीव सेकंड स्टेज रबरी दोरीने गळ्याशी, हनुवटीच्या अगदी खाली बांधलेली असते. घाबरलेला माणूस पुष्कळदा समोरच्याच्या तोंडातलाच रेग्युलेटर ओढतो. या पद्धतीत देण्याची वस्तूच ती असल्यामुळे त्याला चालू असल्याची खात्री असलेली हवा मिळते आणि दोघांना अंतर राखून वर येता येते. उघड्या समुद्रात सुमारे दीड मीटरची नळीही चालते. खर्च थोडा, वजन नगण्य. पण बडीला पाण्यात उतरण्यापूर्वी ही पद्धत समजावून सांगावी लागते.

हे तिन्ही पर्याय एकाच सिलिंडरवर आणि एकाच फर्स्ट स्टेजवर अवलंबून आहेत. फर्स्ट स्टेज बिघडली की हवा सहसा बंद होत नाही, उलट अनिर्बंध वाहू लागते आणि सिलिंडर काही मिनिटांत रिकामा होतो. अशा वेळी बडी जवळ नसेल, आणि मालवणच्या धूसर पाण्यात तो दिसेनासा होणे अशक्य नाही, तर स्वतःची फर्स्ट स्टेज असलेला पोनी, म्हणजे छोटा राखीव सिलिंडरच, कामी येतो. त्याचा आकार हिशेबाने ठरवावा. घाबरलेला डायव्हर पृष्ठभागाच्या मापाने मिनिटाला 30 लिटर हवा घेतो असे धरले (खोलवर दाबामुळे ती कितीतरी जास्त लागते), तर 30 मीटरवर एक मिनिट सावरण्यात, मिनिटाला 9 मीटर वेगाने वर येण्यात आणि 5 मीटरवर तीन मिनिटे थांबण्यात सुमारे 510 लिटर लागतात. तीन लिटरच्या पोनीत 200 बारला 600 लिटर मावतात. हातात मावणाऱ्या ‘स्पेअर एअर’ या तयार राखीव हवेच्या मोठ्या बाटलीत मात्र जेमतेम 85 लिटर असतात. 30 मीटरवर ती हवा पाऊण मिनिटही टिकत नाही, म्हणून त्या खोलीसाठी ही बाटली घेऊ नये.

पोनीची खरी अडचण प्रवासात आहे. विमान कंपन्या सहसा सिलिंडर रिकामा आणि व्हॉल्व्ह काढलेला मागतात, आणि पोहोचल्यावर तो भरून घ्यावा लागतो. म्हणून 18 मीटरपर्यंत, मार्गदर्शकासोबत, वर्षातून एखाद्या सुट्टीत उतरणाऱ्याला तो विकत घेणे परवडणारे नाही. त्याने चांगला ऑक्टोपस घ्यावा आणि बडीच्या हाताच्या अंतरात राहावे. स्वतःचा रेग्युलेटर असलेल्या आणि ठरलेल्या बडीबरोबर नियमित जाणाऱ्याने लांब नळी घ्यावी. 30 मीटरच्या आसपास वारंवार जाणाऱ्याने, किंवा कॅमेऱ्यात गुंतून बडीपासून दूर सरकणाऱ्याने, डुबकीच्या ठिकाणी भरलेला पोनी भाड्याने मिळतो का याची बुकिंगपूर्वी चौकशी करावी. पोनीची सेकंड स्टेज मुख्य सेकंड स्टेजपेक्षा वेगळ्या रंगाची असावी आणि तिची जागा शरीरावर नेहमी एकच असावी, कारण नकळत पोनीवरच श्वास घेत डुबकी सुरू करणे ही या व्यवस्थेतली सर्वांत धोकादायक चूक आहे.