गच्चीवर काय बसवायचं: सोलर वॉटर हीटर की सोलर पॅनल?

पुण्यातल्या सोसायट्यांच्या गच्च्या लहान आणि दावेदार फार, त्यामुळे आधी जागेचं गणित. 100 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 पर्यंत तापवायला साधारण 4 युनिट ऊर्जा लागते. हीटरला त्यासाठी सुमारे 2 चौरस मीटर जागा पुरते. तेवढी वीज रोज हवी तर 1 किलोवॉटची पॅनल लागतात, म्हणजे मधल्या मोकळ्या जागेसकट जवळपास 10 चौरस मीटर. पॅनल उन्हाचा जेमतेम पाचवा हिस्सा विजेत बदलतं. चांगला हीटर निम्म्याच्या आसपास उष्णता पाण्यात उतरवतो.

पण हीटरला दुसरं काही येत नाही. मे महिन्यात टाकीत कढत पाणी पडून असतं आणि आंघोळीला सगळ्यांना गारच हवं असतं. जुलैत ढग आले की गीझर लावावाच लागतो. वीज पावसात पॅनलचीही घटते, मात्र नेट मीटरिंगमुळे, म्हणजे जादा वीज ग्रिडला देऊन ती आपल्या वापरातून वजा करून घेण्याच्या सोयीमुळे, उन्हाळ्यातली जादा युनिटं महावितरणच्या बिलात पुढे जमा होतात.

बोअर किंवा टँकरचं जड पाणी असेल तर हीटरच्या नळ्यांत क्षार साचतात, हे विक्रेता सहसा सांगत नाही. शिवाय उंच इमारतीत खालच्या मजल्यांना गरम पाणी येईपर्यंत बादलीभर गार सोडावं लागतं!

म्हणून बंगला किंवा तीन मजली इमारत असेल तर मी हीटरच घेईन. लिफ्ट आणि पंपांचं बिल भरणाऱ्या सोसायटीने पॅनल घ्यावीत. पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदानही आहे.