ठाण्यातून भाड्याची थार आणि कॅम्पिंगचं किट: गाडी पैकीच्या पैकी, किट काठावर पास

घोडबंदर रोडवर महिंद्राची तीन दारांची फोर बाय फोर (गरजेला चारही चाकांना ताकद देणारी) डिझेल थार आणि सोबत तंबू, शेगडी, कॉम्प्रेसर असं पॅकेज सेल्फ-ड्राइव्हवर मिळतं. दुकानाचं नाव मुद्दाम देत नाही. ठाण्यात आणि नवी मुंबईत असं पॅकेज देणारे आता बरेच आहेत आणि तपासायच्या गोष्टी सगळीकडे त्याच आहेत. हिशोबासाठी ठाणे, कसारा, घोटी, शेंडी आणि पुढे भंडारदरा जलाशयाला वळसा घालून घाटघर, साम्रद, रतनवाडी असा दोन रात्रींचा रस्ता धरला आहे.

आधी नंबर प्लेट बघा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असली तरच ती कायदेशीर भाड्याची सेल्फ-ड्राइव्ह गाडी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी ‘ओळखीत’ दोन पैसे स्वस्त मिळते, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. इथे पाटी काळी होती, कागद पूर्ण होते. अशा गाड्यांना बहुधा ताशी ८० किमीचा स्पीड गव्हर्नर (त्यापुढे वेग जाऊ न देणारं यंत्र) असतो, हिलाही आहे. आमणे-इगतपुरी टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून समृद्धी महामार्गाने कसारा घाट टळतो खरा, पण ८० ला बांधलेली गाडी टोल भरून तिकडून नेण्यात मतलब नाही. जुना घाटच बरा, दिसतंही जास्त.

गाडीबद्दल तक्रार नाही. ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिमी, टाकी ५७ लिटरची. जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटरला ती पुरून उरते. पाण्यातून जायची कंपनीने दिलेली मर्यादा ६५० मिमी आहे, पण ती साचलेल्या पाण्यासाठी. वाहत्या ओढ्यात गुडघाभर पाणीही गाडी बाजूला सरकवतं.

फोर बाय फोरचा लिव्हर मात्र दुकानात उभ्या उभ्या दाखवतात, ते पुरेसं नाही. कोरड्या डांबरावर फोर-हाय (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या वेगात) लावू नका. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, तो फरक मिटवायला मधे डिफरन्शियल नाही, त्यामुळे सगळा ताण ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आणि शाफ्टवर येतो. फोर-लो (चारही चाकांना ताकद, हळू पण जास्त जोराची) टाकताना गाडी पूर्ण थांबवायची, क्लच दाबून न्यूट्रल करायचं आणि मग लिव्हर ओढायचा. दाते जुळले नाहीत तर दांडगाई न करता गाडी फूटभर पुढे सरकवा. टू-हायवर (फक्त मागच्या चाकांना ताकद) आल्यावरही फोर बाय फोरचा दिवा लुकलुकत राहिला तर चार-पाच फूट सरळ रिव्हर्स घ्या, अडकलेला ताण सुटतो.

पॅकेज ‘चौघांसाठी’ म्हणून विकतात. ते दोघांचंच आहे. मागची सीट उभी ठेवली की डिकीत दोन सॅक जेमतेम बसतात. त्यावर उपाय म्हणून जादा पैशात टपावरचा तंबू सुचवतात. तो घेऊ नका. असा तंबूच ५०-६० किलोचा, त्यात दोन माणसं झोपली की दोनशे किलो. थारचा हार्डटॉप फायबरचा आहे, हे वजन त्याच्यासाठी नाही. खाली चॅसीला बांधलेली चौकट असेल तरच बोला, आणि ती आरटीओच्या कागदावर आहे का तेही विचारा.

किट घसरतं ते हवेवर. कच्च्या रस्त्यावर ३२ पीएसआयची (हवेच्या दाबाचं माप) हवा २२ पर्यंत उतरवली की टायर पसरतो, पकड वाढते आणि धक्के कमी होतात. अणकुचीदार दगड असतील तिथे याहून खाली जाऊ नका, साइडवॉल (टायरची बाजू) चिरते आणि त्या चिरेला पंक्चरवाल्याकडे इलाज नाही. कमी हवेवर ताशी ४० च्या वर जायचं नाही, आणि डांबर लागलं की आधी हवा भरायची, नाहीतर टायर तापून फाटतो. म्हणजे कॉम्प्रेसर धड हवा. किटमधला लायटर सॉकेटवर चालणारा आहे. २५५/६५ आर१८ च्या टायरमध्ये १० पीएसआय चढवताना तो दुसऱ्या टायरलाच तापून बंद होतो, मग निवेपर्यंत थांबा. थेट बॅटरीला चिमटे लावायचा दोन सिलिंडरचा घ्या. तो २५-३० अँपिअर खेचतो, सॉकेटचा फ्यूज तेवढा टिकत नाही. कॉम्प्रेसर चालवताना इंजिन सुरू ठेवा. हवा मोजायचा गेजही स्वतःचा न्या, किटमधला दोन-तीन पीएसआय जास्त दाखवत होता.

ओढून काढायला दिलेला पट्टा ठीक, पण शॅकलवर (पट्टा गाडीला जोडायची लोखंडी कडी) वजनाची मर्यादा कोरलेली नव्हती. ४.७५ टनाचा शिक्का असलेलाच वापरा. टो-बॉलला (ट्रेलर जोडायचा मागचा गोळा) पट्टा अडकवू नका, तो गोळा तुटला तर तोफगोळ्यासारखा येतो. आणि जॅकखाली ठेवायला दीड फुटी, १८ मिमीची प्लायवूडची फळी न्या, चिखलात जॅक आधी स्वतःच खाली जातो.

तंबू दोघांना ऐसपैस, कापडावर २००० मिमीचा (पाणी अडवायच्या क्षमतेचा) शिक्का. हिवाळ्यात चालेल, जुलैत शिवणीतून ठिबकतो. सोबतच्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या सह्याद्रीच्या कातळावर वाकतात; दोऱ्या मोठ्या दगडांना बांधा. खालची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चार बोटं लहानच घाला. बाहेर डोकावणारी कडा पावसाचं पाणी पाठीखाली आणून सोडते. गॅसची शेगडी तंबूत पेटवायची नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मुक्काम रतनवाडी किंवा साम्रदला गावकऱ्याला विचारून, पैसे देऊन त्याच्या अंगणात किंवा वावरात करा. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा, वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडावी लागते आणि रस्ता सोडून गाडी घालायची नाही. जलाशयाच्या उघड्या पडलेल्या काठावर तर नाहीच. वरून सुकून भेगाळलेला दिसतो, पण पापुद्र्याखाली गाळ असतो आणि फोर-लो तिथे फक्त खड्डा खोल करतो.

गाडी ताब्यात घेताना पाचही टायरच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा. डिपॉझिटवरून वाद होतो तो इथेच. चिखल धुण्याचे पैसे वेगळे कापतात, म्हणून परत देण्याआधी गाडी धुऊन घ्या आणि चाकांच्या आतली बाजू विसरू नका, त्यांचा माणूस पहिल्यांदा तिथेच बोट फिरवतो.